कवडसा, साणे आणि काचेचे कौल

छपराचे काम काय, असा प्रश्न वर्गात विचारला तर उत्तर ठरलेले असते : ऊन आणि पाऊस घरात येऊ न देणे. मग ज्या छपरासाठी एवढा खर्च करायचा, त्यालाच आपल्या हाताने भोक का पाडायचे? कारण साधे आहे. गावठाणात घराला घर लागून असते. शहरातल्या दाट वस्तीत तर तीन बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्याच असतात आणि चौथ्या बाजूला दार असते. खिडकीला जागाच उरत नाही. अशा घरात भर दुपारी तांदूळ निवडायला बसलेल्या बाईला खडा दिसत नाही आणि अभ्यासाला बसलेले मूल दाराच्या उंबऱ्याशी सरकते. त्या दोघांच्या डोक्यावर, एका पत्र्याच्या पलीकडे, सुमारे एक लाख लक्स एवढा उजेड पडलेला असतो. (लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक. वाचायला दोन-तीनशे लक्स पुरतात.) अडचण उजेडाच्या तुटवड्याची नाही, त्याला आत येऊ देण्याची आहे. आणि ही अडचण फार जुनी आहे.

तुर्कस्तानात चाताल्होयुक नावाच्या ठिकाणी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची वस्ती उत्खननात सापडली. तिथली घरे एकमेकांना इतकी चिकटून आहेत की मध्ये गल्लीबोळ म्हणून नाहीतच. लोक धाब्यांवरून चालत आणि छपरातल्या भोकातून शिडीने घरात उतरत. चूल त्या भोकाच्या जवळच असे. म्हणजे दार, खिडकी आणि धुराडे अशी तिन्ही कामे एकच भोक करत होते. आज आपण ज्याला छतातली खिडकी म्हणतो, तिचा हा पूर्वज भिंतीतल्या खिडकीपेक्षा मागाहून आलेला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रोमन लोकांनी याच भोकाला घराच्या मध्यभागी मानाची जागा दिली. त्यांच्या सधन घरांत मधल्या दालनाचे छप्पर चारही बाजूंनी आत उतरते असे आणि मध्ये चौकोनी जागा उघडी ठेवलेली असे. तिच्या बरोबर खाली जमिनीत उथळ हौद. पाऊस आला की छपराचे पाणी हौदात पडे आणि तिथून साठवणीच्या टाकीत जाई. पाणी अडवता येत नसेल तर त्याला बोलवावे आणि उपयोगात आणावे, असा हा विचार. वाड्याच्या चौकाशी याचे नाते आपल्याला लगेच जाणवते. सम्राट नीरोने इसवी सन ६४ नंतर बांधलेल्या महालात एक अष्टकोनी दालन आहे. त्याच्या घुमटाच्या माथ्यावर गोल भोक तर आहेच, पण घुमटाच्या बाहेरच्या अंगाने उजेड घसरत खाली यावा आणि आजूबाजूच्या खोल्यांत वरून शिरावा, अशीही योजना आहे. मधल्या दालनाला एक उजेड आणि बाजूच्या खोल्यांना दुसरा. बांधणाऱ्याची ही हुशारी आजही थक्क करते.

यानंतर साठ वर्षांनी, हेड्रियनच्या काळात, रोममधले पँथिऑन उभे राहिले. ते घर नव्हे, देवालय. पण छतातल्या भोकाचा विषय त्याच्यावाचून पुढे जात नाही. घुमटाचा व्यास ४३ मीटरहून थोडा जास्त आणि माथ्यावरचे भोक आठ-नऊ मीटरचे. त्याला काच नाही, झाकण नाही. पाऊस सरळ आत पडतो. म्हणून तिथली फरशी मध्ये किंचित फुगीर आहे आणि तिला पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे आहेत. भोक माथ्यावर असल्याने घुमट कमजोर होत असेल असे मुलांना वाटते. उलट आहे. सर्वांत वरचा, सर्वांत सपाट भाग काढून टाकल्याने वजन कमी झाले आणि भोकाभोवतालचे कडे सगळीकडून सारखे दाबले जाऊन घट्ट बसले.

आता आपल्याकडे येऊ. मराठवाडा, सोलापूर, खानदेश या कमी पावसाच्या भागात जुनी घरे माळवदाची किंवा धाब्याची. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या पट्ट्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेरच्या भिंती रुंद आणि जवळजवळ आंधळ्या, कारण चोर-दरोडेखोरांची भीती आणि उन्हाचा तडाखा. मग उजेड आणायचा कोठून? माळवदाला हात-दीड हाताचे भोक ठेवत. त्याला साणे म्हणतात. साण्यातून उजेड येई, चुलीचा धूर जाई, आणि वर वाळत घातलेले धान्य खाली ओतायलाही ते सोयीचे पडे. पावसाची चाहूल लागली की कोणीतरी धावत माळवदावर जाई आणि साण्यावर फरशी किंवा घमेले ठेवी.

साण्याच्या कडेकडे नीट पाहिले पाहिजे. तिच्याभोवती माती थापून उंचवटा केलेला असतो. माळवदावर पडलेले पाणी वाहताना या उंचवट्याला अडते आणि वळसा घालून पन्हाळीकडे जाते. झाकण फक्त वरून पडणारे पाणी थांबवते, पण छपरावरून वाहत येणारे पाणी थांबवतो तो हा चार बोटांचा कठडा. जगातल्या कोणत्याही छतखिडकीचे यश काचेवर नव्हे तर या कठड्यावर अवलंबून असते. आजची कारखान्यात बनलेली खिडकीही छपराच्या पातळीपेक्षा वर उचलूनच बसवतात. माळवद बांधणाऱ्या कारागिराने हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नव्हते.

साण्यावरून कवडशाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप येते, तिच्यात धुळीचे कण नाचताना दिसतात आणि जमिनीवर गोल ठिपका पडतो. फट वेडीवाकडी असली तरी ठिपका गोलच का? कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. छिद्र लहान आणि जमीन पुरेशी दूर असली की छप्पर म्हणजे एक मोठा सूचीछिद्र कॅमेराच. आकाशात सूर्य सुमारे अर्ध्या अंशाएवढा दिसतो. त्यामुळे प्रतिमेचा व्यास छिद्रापासूनच्या अंतराच्या साधारण १०८ व्या भागाएवढा येतो. तीन मीटर उंचीच्या छपरातून, सूर्य डोक्यावर असताना, सुमारे २८ मिलिमीटरचा कवडसा पडेल (छिद्राच्या रुंदीमुळे थोडा मोठा). सूर्य कलता असेल तर अंतर वाढते आणि कवडसा लांबट होतो. खंडग्रास ग्रहणात सगळे कवडसे चंद्रकोरी होतात, ते याचमुळे.

या साध्या ठिपक्यातून खरे खगोलशास्त्र झालेले आहे. इटलीतील बोलोन्या शहराच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये जोव्हानी कॅसिनीने १६५५ मध्ये छताला, जमिनीपासून सुमारे २७ मीटर उंचीवर, एक छिद्र पाडून घेतले. छिद्राचा व्यास उंचीचा हजारावा भाग, म्हणजे सुमारे २७ मिलिमीटर. खाली फरशीवर उत्तर-दक्षिण अशी ६७ मीटर लांबीची रेघ आखली. रोज मध्यान्ही सूर्याचा कवडसा या रेघेवरून जातो, उन्हाळ्यात छिद्राच्या जवळ आणि हिवाळ्यात दूर. चर्चला ईस्टरची तारीख अचूक काढण्यासाठी वर्षाचे मोजमाप हवे होते. कॅसिनीने ते केलेच, शिवाय वर्षभरात कवडशाचा आकार किती बदलतो हेही मोजले. सूर्याचा वेग कमी-जास्त दिसतो, त्यातला निम्माच फरक अंतरामुळे आहे, बाकीचा वेग खरोखरच बदलल्यामुळे आहे, असे त्या मापांवरून निघाले. केप्लरच्या म्हणण्याला बळ देणारा हा पुरावा एका चर्चच्या छतातून खाली आला, आणि तोही गॅलिलिओवरच्या खटल्याला पुरती पंचवीस वर्षे झालेली नसताना.

हे झाले थोडे विषयांतर. उजेडासाठी भोक हवे तर ते भिंतीत असण्यापेक्षा छतात असणे किती फायद्याचे? आकाश पूर्ण ढगाळ असेल तर ते सगळीकडे सारखे उजळ दिसत नाही. डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागाच्या सुमारे तिप्पट उजळ असतो. आडव्या छिद्राला हे सबंध आकाश दिसते. उभ्या खिडकीला आकाशाचा निम्माच भाग दिसतो आणि त्यातही कमी उजळ असलेला भाग जास्त वाट्याला येतो. हिशोब केला तर उभ्या खिडकीवर, समोर कसलाही अडथळा नसताना, आडव्या छिद्राच्या ४० टक्केच उजेड पडतो. समोर शेजाऱ्याची भिंत असली की तोही जातो. म्हणजे तेवढ्याच आकाराची छतखिडकी ढगाळ दिवशी अडीचपट उजेड देते. पावसाळ्यात, जेव्हा घर सर्वांत काळोखे असते, तेव्हाच छपरातले भोक सर्वांत जास्त उपयोगाचे. आणि नेमके तेव्हाच ते झाकून ठेवावे लागते! काचेवाचून या पेचातून सुटका नव्हती.

काच होती, पण स्वस्त नव्हती. इंग्लंडमध्ये १६९६ पासून घराला किती खिडक्या आहेत हे मोजून कर घेत. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, काळोखात राहिले. हा कर १८५१ पर्यंत टिकला. त्याशिवाय १७४६ पासून काचेवर वजनाप्रमाणे कर होता, तो १८४५ मध्ये उठला. वजनावर कर म्हटल्यावर कारखानदार पातळ काच करणार हे उघड आहे. भिंतीतल्या खिडकीला पातळ काच चालते. छपरावर मात्र गारा पडतात, फांदी पडते, कौल सारणारा माणूस पाय ठेवतो. तिथे जाड काच हवी.

कर उठल्यावर सहाच वर्षांनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनचा स्फटिकमहाल उभा राहिला. चान्स ब्रदर्सच्या कारखान्याने ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद अशा जवळजवळ तीन लाख काचा त्यासाठी पुरवल्या. त्या काळी काच फुंकून लांब नळकांडे करत, ते उभे चिरून भट्टीत उलगडत आणि सपाट करत. पॅक्स्टन मूळचा माळी. उष्ण प्रदेशांतली झाडे काचघरात वाढवताना त्याला कळले होते की काचेच्या छपराला दोन पाण्यांशी झगडावे लागते. एक बाहेरचे पावसाचे. दुसरे आतले : माणसांच्या श्वासातली वाफ थंड काचेवर गोठते आणि थेंब थेंब खाली गळते. म्हणून त्याने छपराच्या लाकडी पन्हाळीला मधली मोठी खाच पावसासाठी आणि काचेखाली दोन्ही कडांना बारीक खाचा आतल्या थेंबांसाठी ठेवल्या. खांब पोकळ होते, पाणी त्यांतून खाली जाई. एवढे करूनही महाल गळायचा तो गळलाच. उन्हाचा त्रास टाळायला छपरावर बाहेरून कापडही ताणावे लागले. ही गोष्ट इंग्लंडमधली, तिथल्या उन्हातली. आपल्याकडची गत काय होईल याचा अंदाज त्यावरून करावा.

कोकणात मात्र हा प्रश्न फार गाजावाजा न होता सुटला. आधी तिथे नळीची कौले होती. फ्रान्समधील आल्तकिर्श गावच्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. त्याच कुळातली कौले बासेल मिशनने १८६० च्या दशकात मंगळूरला बनवायला सुरुवात केली आणि गोवा, कोकण, मुंबईपर्यंत ती पसरली. मंगलोरी कौलाची ताकद त्याच्या आकारात आहे. कडेला खाच आणि शेजारच्या कौलाला तिच्यात बसणारी पट्टी. वरचे कौल खालच्या कौलावर चढलेले, आणि पाठीमागे रिपेवर अडकायला आकडा. चुना-सिमेंट काही लागत नाही. पाणी उताराने येते, प्रत्येक वेळी वरच्या कौलावरून खालच्या कौलाच्या पाठीवर पडते आणि सांध्यात शिरण्याआधीच पुढे जाते.

सगळी कौले साच्यातली, एकाच मापाची. मग त्याच मापाचे एक कौल मातीऐवजी काचेचे केले तर? छतात खिडकी बसवायलाच नको, नुसते कौल बदलायचे! ना कापाकापी, ना सांधा भरणे. स्वयंपाकघरावर एक, माजघरावर एक. घरातल्याच कोणीतरी वर चढून पाच मिनिटांत हे काम करावे. गळण्याची भीती मातीच्या कौलाइतकीच. मला तर छतखिडकीच्या सगळ्या इतिहासात याहून सुबक उत्तर दिसत नाही. युरोपात उतरत्या छपराची खिडकी डेन्मार्कच्या विलुम कान रासमुसेन याने १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. 'वेलक्स' हे तिचे नाव व्हेंटिलेशन आणि लक्स यांवरून केलेले आहे. ती उघडते, हवा देते, माळ्याची खोली राहण्याजोगी करते. पण ती बसवताना चारही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या कौलांच्या थरात गुंतवाव्या लागतात, आणि एकही पट्टी वरची खाली गेली की पाणी आत. काचेच्या कौलाला हा उपद्व्याप नाही, तसे ते उघडतही नाही, हेही खरे.

काचेच्या कौलाचा हिशोब मुलांकडून करून घेता येतो. छपरात बसवल्यावर त्याचा उघडा भाग सुमारे ३५ सेंटिमीटर गुणिले २० सेंटिमीटर, म्हणजे ०.०७ चौरस मीटर. ढगाळ दिवशी बाहेर १०,००० लक्स असेल तर त्यावर ७०० ल्यूमेन उजेड पडतो, आत ५०० च्या आसपास पोचतो. ४०–५० वॅटच्या जुन्या तारेच्या दिव्याएवढा. एप्रिलच्या दुपारी उजेड दहापट होतो आणि त्याबरोबर ५०–६० वॅट उष्णताही आत येते. एका कौलाला काही वाटत नाही, पण हौसेने दहा बसवली तर अर्ध्या किलोवॅटची शेगडी पेटवून ठेवल्यासारखे होईल. ऊन तापट असते हे मात्र अर्धेच खरे. ७०० ल्यूमेन देणारा तारेचा दिवा ६० वॅट उष्णता टाकतो, तेवढाच सूर्यप्रकाश सात-आठ वॅट. गरजेपुरता घेतला तर उन्हासारखा थंड उजेड नाही. गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरे काचेची बाजू उत्तरेला ठेवत, ती थेट ऊन टाळण्यासाठी. मुंबईत ही युक्ती मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत अपुरी पडते, कारण त्या दिवसांत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो.

राहिले पत्र्याचे घर. सुरुवातीला ज्या बाईचा उल्लेख केला, ती बहुधा अशाच घरात राहते, आणि पत्र्यात कौल बदलता येत नाही. ब्राझीलमधील उबेराबा गावचा मेकॅनिक आल्फ्रेदो मोझेर याने २००२ मध्ये, वीज वारंवार जात असताना, दोन लिटरची प्लास्टिकची बाटली पाण्याने भरून छपरात बसवली. पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणे ब्लीच. बाटलीचा वरचा भाग बाहेर, उरलेला खोलीत. फिलिपिन्समध्ये इयाक दियास यांच्या 'लिटर ऑफ लाइट' या उपक्रमाने २०११ पासून ही बाटली मनिलाच्या वस्त्यांत नेली आणि तिथून ती अनेक देशांत गेली.

बाटली उजेड निर्माण करत नाही. तिचा व्यास दहा सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. एक लाख लक्सच्या उन्हात त्यावर ७८० ल्यूमेन पडतात. मोझेरची बाटली ४० ते ६० वॅटच्या दिव्याइतकी उजळते असे सांगतात, ते या हिशोबात बसते. मग नुसते भोक का नको? नुसत्या भोकातून उन्हाचा एक डोळे दिपवणारा पट्टा खाली येतो आणि बाकी खोली काळोखीच राहते. पाण्याने भरलेल्या बाटलीत किरण वाकतात, आतल्या पृष्ठभागावरून परततात आणि सर्व दिशांना बाहेर पडतात. कपडे ठेवायच्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्याला वरून भोक पाडावे, बाजूला डोळ्यापुरती फट ठेवावी, आणि आधी रिकामी व मग पाण्याने भरलेली बाटली बसवून उन्हात पाहावे. आत एक छापील पान ठेवले तर फरक वेगळा सांगावा लागत नाही.

खऱ्या छपरावर मात्र घाई नको. भोक पत्र्याच्या उंच नागमोडीवर घ्यावे, पाणी वाहते त्या खोलगट भागात नव्हे. बाटलीला आधी पत्र्याच्या तुकड्याची कॉलर घट्ट बसवून मग ती छपरावर चिकटवावी. तीन मीटर लांबीचा लोखंडी पत्रा रात्र आणि दुपार यांतल्या ४० अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर लांब-आखूड होतो. त्यामुळे कडक भरणी तडकते, सिलिकोनसारखी लवचिक टिकते. उन्हाने प्लास्टिक कालांतराने धुरकट होते, तेव्हा बाटली बदलावी लागते. आणि छप्पर सिमेंटच्या जुन्या करड्या पत्र्यांचे असेल, जसे कित्येक शाळांचेही आहे, तर त्याला भोक पाडूच नये. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, कापताना ते हवेत उडतात आणि फुप्फुसात गेलेले बाहेर येत नाहीत. तिथे सबंध पत्राच उतरवून त्या जागी त्याच नागमोडीचा पारदर्शक पत्रा टाकतात. उतरवतानाही तो ओला ठेवावा, फोडू नये, आणि मुलांना त्या दिवशी आवारात येऊ देऊ नये.